गार हात

सोमवार, ४ तारीख

आजपासून मी खाटकाच्या हाताखाली शिकाऊ! दहा वर्षं कचेरीत फायलींना दोरे बांधले आणि बत्तिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं, असं दादा म्हणाला. कांदा चिरताना बोट कापून घेणारी ही बाई हाडं काय सोडवणार, असंही म्हणाला. वहिनी हसली. हसू देत.

दुकान लख्ख आहे. पांढऱ्या फरशा, मधोमध जुन्या लाकडाचा ठोकळा, मागे थंड खोली. उस्ताद साठीचे, मोजकं बोलणारे. दिवसभर मला नुसती धार लावायला बसवलं. जाताना माझ्या सुऱ्यानं एक कागद कापून पाहिला आणि मान डोलावली. घरी येईस्तोवर मी गुणगुणत होते.

शुक्रवार, २२ तारीख

आज खांदा एकटीनं सोडवला. टोक नेमकं सांध्यात शिरलं की हाड आपणहून वाट देतं, जोर लागतच नाही. कचेरीत साहेबापुढे कधी तोंड उघडलं नाही, पण आज एका गिऱ्हाइकाला ठामपणे सांगितलं की हा तुकडा शिजणार नाही, तो घ्या. त्यानं मुकाट्यानं घेतला.

उस्ताद दुसरं दुकान काढतायत. चालवायला हाताखालचंच माणूस हवंय म्हणाले. हाताखाली आहे कोण? मीच.

बुधवार, ४ तारीख

आणखी एक जण शिकायला आलीय. पंचविशीची, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. माझ्यामागून आली म्हणून तिचं नाव पडलं धाकटी. मी तिला एप्रन बांधायला शिकवलं, सुरा धरायला शिकवलं. थंड खोलीच्या दाराची आतली मूठ बिघडलीय, तेव्हा आत जाताना दार उघडं ठेवायचं, हेही मीच सांगितलं.

बुधवार, १८ तारीख

मला तीन आठवडे लागले ते तिनं तीन दिवसांत उचललं. बरगड्या अशा मांडते की गिऱ्हाईक काचेपाशी थबकतं. वर मला ताई म्हणते, काही चुकलं का विचारते. चुकत काहीच नाही. हेच तर—

आज उस्ताद तिच्या हाताकडे बघत होते. मी शेजारी उभी होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शनिवार, २१ तारीख

शनिवारी दुपारी दुकान बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं. उस्ताद लवकर गेले. धाकटी थंड खोलीत मांस आकड्यांना लावत होती. मी दार लोटलं आणि बाहेरून खिट्टी घातली. दहा मिनिटं, एवढंच मनात होतं. जरा घाबरू दे.

आतून तिनं हाक मारली. ताई म्हणाली. मी एप्रन घडी घालून ठेवला आणि घरी आले.

रविवार, २२ तारीख

जाते. चहा घेऊन जाते.

दुपार झाली. आता गेले तर काय सांगू?

गेले नाही.

सोमवार, २३ तारीख

धाकटी ठोकळ्यापाशी उभी होती. काम करत होती.

उस्ताद म्हणाले, शटर वर केलं तेव्हा ही आतच, मागच्या दारानं आली असेल. थंड खोलीची खिट्टी मी घातली तशीच होती. त्यांनी ती माझ्यासमोर काढली. आत फक्त मांस.

चिंधी देताना तिची बोटं लागली. लोखंडासारखी गार.

गुरुवार, २६ तारीख

थंड खोलीत माझ्या तोंडातून वाफ येते. तिच्या येत नाही. मला ते दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

तिच्या हाताखाली चरबी पघळत नाही. काप आरशासारखा पडतो. उस्ताद म्हणाले, असा गार हात खाटकाला नशिबानंच मिळतो. नवं दुकान तिला दिलं.

मला भीती वाटायला हवी होती. मी घरी येऊन बर्फात हात घालून बसले. दादानं विचारलं काय झालं. हात तसेच, कोमट.

शुक्रवार, २७ तारीख

शेवटी तिलाच विचारलं. कसं जमतं?

सुरा खाली न ठेवता ती म्हणाली, "ताई, तुम्हीच तर शिकवलंत. दोन रात्री लागतात."

शनिवार, २८ तारीख

उस्ताद गेले. मी आत आलेय. दार तिनं लावलं, मी सांगितलं म्हणून. खिट्टीचा आवाज आला.

वही मांडीवर. पेन्सिल चालतेय, शाई थिजली.

एकदा हाक मारली. ती बाहेर एप्रन घडी घालत असावी.

पाय कळत नाहीत. बोटं बघितली— पांढरी, सरळ. थरथर थांबली. इतका स्थिर हात माझा कधी—

वाफ कमी झालीय.

सोमवारी उस्ताद बघतील. तिच्याहून गार. तिच्याहून कितीतरी गा—