फोन-दोन

९ ऑक्टोबर, बुधवार
मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरचा ताबा मिळून महिना झाला. आज ठरवलं, साफसफाई करायची. माझ्याआधीची जयमाला नवी मुंबईत नोकरी लागली म्हणून गेली आणि पसारा माझ्या गळ्यात टाकून गेली. जुनाट फोल्डर मी पहिल्याच आठवड्यात उडवले. आता डेटाबेस. बोटींच्या टेबलात एक कॉलम ‘फोन’ आणि त्याच्या शेजारी दुसरा ‘फोन-दोन’. एका बोटीला दोन फोन कशाला?
जेवताना मृणालला समजावलं की याला रिडंडन्सी म्हणतात. ती म्हणाली, आपल्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत, आधी त्यातलं एक काढ. यापुढे बायकोशी तांत्रिक विषय काढायचे नाहीत.

१० ऑक्टोबर, गुरुवार
कच्चा माणूस कॉलम थेट उडवेल. मी तसा नाही. टेबलावर व्ह्यू बसवलेले असतात. व्ह्यू म्हणजे खिडकी, टेबलातली हवी तेवढीच माहिती दाखवणारी. फोन-दोनवर एखादी खिडकी बेतलेली असेल तर ती कॉलमबरोबर जाणार. म्हणून आधी शोध.
सकाळी तीन व्ह्यू उघडून ‘फोन-दोन’ हा शब्द शोधला. ‘हवामान-संदेश’मध्येसुद्धा. कुठेच नाही. दुपारी डोळे जड झाले. उरलेले नावावरून तपासले. डिझेल, बर्फ, परवाने. शेवटचा ‘घरची-मंडळी’. ही बहुधा स्नेहसंमेलनाची यादी. जयमालाला हौस फार.
शोध पूर्ण.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
चेअरमन दत्ताराम नाखवांना प्रस्ताव तोंडी सांगितला. त्यांनी विचारलं, यानं मासळी वाढंल काय? म्हटलं, वेग वाढेल. ते म्हणाले, मग कर, पन जयमालाला एकदा इचार.
जिनं पसारा केला तिलाच विचारायचं, पसारा आहे का म्हणून? विचारणार नाही. मोबाईलवर माझ्या नावापुढे ‘डेटाबेस आर्किटेक्ट’ असं लावलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
कीबोर्डला झेंडूची फुलं वाहिली आणि सीमोल्लंघन केलं. मशीनने आधी नकार दिला. लांबलचक निरोप आला. मी सरळ शेवटची ओळ वाचली, मुद्दा तिथेच असतो. त्यात मशीनने स्वतःच सुचवलं होतं की CASCADE लावून बघा, म्हणजे सोबतचंही आपोआप जाईल. लावलं. कॉलम गेला. सोबत आणखी दोन गोष्टी गेल्याचं मशीनने अदबीने कळवलं. पसारा तितका कमी.
मृणालला आपट्याची पानं दिली. तिनं विचारलं, आज कशाची एवढी खुशी? सांगितलं नाही. संकल्प पाळला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
सिस्टीम हलकी झाल्याचं जाणवतं. वायरलेसवर बसणारा रंगू म्हणतो, मला कायच फरक दिसत न्हाय. त्याला आकाशसुद्धा वायरलेसमधून दिसतं, त्याचं काय घ्यायचं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार
सकाळी खवळत्या समुद्राचा इशारा आला. सगळ्या बोटी बाहेर. मी ‘संदेश पाठवा’ दाबलं. लाल अक्षरं आली. नेटवर्कचा दोष. मी हुशारीने तोच मजकूर पहिल्या फोनवर पाठवला. तो नंबर तांडेलांचा, म्हणजे बोट चालवणाऱ्यांचा, आणि तांडेल समुद्रात. तिथे मोबाईलला रेंज नसते हे नंतर आठवलं.
रंगूने वायरलेसवर पुकारा केला. एकही बोट वळेना. मागच्या वर्षी सोसायटीने दोनदा फुकट परत बोलावलं होतं, तेव्हापासून ते सोसायटीचं ऐकत नाहीत. रंगू माझ्याकडे वळून म्हणाला, “बायका कुठं हायत?”
मी म्हटलं, “कुठल्या बायका?”
“तांडेलांच्या. घरी मेसेज जातो, मग त्या इथं येतात नि आपापल्या माणसाला बोलावतात. सोसायटीचं न्हाय ऐकत, घरचं ऐकतात.”
घरचे नंबर कुठे असतात, हे मी विचारलं नाही. फोन-दोनमध्ये होते, हे कळलं होतं.
तेवढ्यात केसरताई आली. माझी मोठी बहीण. तिच्या नणंदेला पलीकडच्या गावात तिथल्या सोसायटीचा मेसेज आला होता. ती म्हणाली, “स्वप्निल, आमाला काय न्हाय आला? तुझं दाजी बाहेर हायत.”
मी नेटवर्क म्हणालो. ती उत्तराला थांबली नाही. पदर खोचून गल्लीत गेली आणि दारोदार हाका मारत सुटली. थोड्या वेळात वायरलेसची खोली बायकांनी भरली. एकेक जण बोलायला पुढे. वेणूबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, “जेवान केलंय, या.” त्याची बोट वळली.
दादू दाजींच्या बोटीकडून उत्तर नाही. ताई पुन्हा पुन्हा तेच नाव घेत राहिली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
काल संध्याकाळपर्यंत बाकी सगळे आले. मग वारा सुटला. दाजी नाहीत. मी ताईबरोबर धक्क्यावर बसलो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे नेटवर्कवर बरंच तयार होतं.
आज सकाळी दुसऱ्या बोटीने त्यांची बोट ओढत आणली. इंजिन बंद, वायरलेस भिजलेला, जाळी कापून टाकलेली. दाजी उतरले आणि म्हणाले, “जाली गेली. मानसं हायत.” ताईने त्यांचा हात धरला, घरी नेलं. मी मागून त्यांचा डबा घेऊन गेलो.
मी चुकलो असं लिहिणार होतो. शाई संपत आली आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार
जयमालाला फोन केला. माहिती घेण्यासाठी, मदतीसाठी नव्हे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “नकाराचा निरोप सगळा वाचून दाखव.”
निरोप अजून स्क्रीनवर जपलेला होता. मोठ्याने वाचला. मधल्या ओळींत स्वच्छ लिहिलं होतं: घरची-मंडळी हा व्ह्यू फोन-दोनवर अवलंबून आहे, आणि हवामान-संदेश हा व्ह्यू घरची-मंडळीवर. मी शब्द शोधला तो दुसऱ्या मजल्यावर, हवामान-संदेशमध्ये; तो होता खालच्या, घरची-मंडळीत.
ती म्हणाली, “शब्द शोधून भागत नाही. कोण कशावर टेकलंय याची नोंद डेटाबेस स्वतः ठेवतो. त्याला आधी विचारायचं. विचारलं नाहीस तरी त्यानं सांगितलं होतं.”
दोन्ही व्ह्यूंचा मजकूर तिनं जुन्या मेलमधून पाठवला. मग विचारलं, नंबर बॅकअपमधून घेशील ना? बॅकअप मी उडवलेल्या जुनाट फोल्डरांत होता. मी म्हटलं, बघतो. आर्किटेक्ट हा शब्द नावापुढून काढला. जागा वाचते.

२१ ऑक्टोबर, सोमवार
फिल्ड सर्व्हेला सुरुवात. चेअरमन याला ‘दारोदार फिर आता’ म्हणतात.
ताईने नंबर दिला, चहाही दिला. दाजी नवं जाळं विणत होते. मी सुताचं एक टोक धरून बसलो. गाठ मारायला घेतली तेव्हा त्यांनी टोक हळूच काढून घेतलं.
वेणूबाई म्हणाली, “तुला देऊन काय करू? तू परत पुसशील.” पुढच्या घरांतही हेच. बातमी माझ्या पुढे चालते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
अर्ध्या घरांनी नंबर दिलेले नाहीत. पण उपाय सापडला. रिकाम्या जागी तूर्त माझा स्वतःचा नंबर भरला. टेबल पूर्ण दिसतं. चेअरमनना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, झालं एकदाचं. मी हो म्हणालो.

२८ ऑक्टोबर, सोमवार
दुपारी इशारा आला. बटण दाबलं. लाल अक्षरं नाहीत. दोन्ही व्ह्यू चालले. रंगूसमोर खुर्चीत रेलून बसलो.
मग खिशातला फोन वाजला. पुन्हा वाजला. तो थांबेचना. ‘आपली बोट परत बोलवा.’ ‘आपली बोट परत बोलवा.’ माझी बोट नाही. रंगूने विचारलं, “तुला कोन एवढा फोन करतंय?”
सायकल काढली. पहिल्या दाराशी पोचेपर्यंत दम लागला. निरोप सांगितला. ती बाई म्हणाली, कळलं, मगाशीच केसर सांगून गेली. दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी कुलूप, बाई वायरलेसवर पोचलेली. तरी शेवटपर्यंत गेलो.
शेवटचं घर वेणूबाईचं. ती निघालीच होती. माझी अवस्था बघून थांबली, तांब्याभर पाणी दिलं. मी पाणी पीत असताना म्हणाली, “लिव माझा नंबर.” आणि सांगितला.
तिने तो दोनदा म्हणवून घेतला माझ्याकडून. दुसऱ्या वेळीही एक आकडा चुकला.