चेरीच्या पानातली मिठाई

गुरुवार, संध्याकाळ

माझी थोरली बहीण अक्का अकरा वर्षं जपानात नोकरीला होती. आता घशाच्या कॅन्सरनं सोलापुरात माझ्या घरी पडून आहे. परवा म्हणाली, "चेरीच्या पानात गुंडाळलेली ती गुलाबी मिठाई एकदा मिळंल का गं? वसंतातच करतात ती."

पुण्यात एक जपानी बाई घरी हातानं करतात, असं कळलं. आज पहाटेच्या गाडीनं जाऊन आणली. "आजच खा, उद्या कडक होईल," त्यांनी बजावलं होतं. येताना गाडी कुर्डुवाडीला दीड तास थांबली. डबा मांडीवर धरून मी रडकुंडीला आले.

घरी आल्या आल्या चिमूटभर भरवली. अक्काला गिळता आली नाही. पान नाकाशी धरून ती म्हणाली, "तू खा. कसं लागतंय, सांग मला."

मी खात खात सांगत गेले. आधी खारट पान, मग चिकट भात, आत पुरणासारखं गोड सारण. ती डोळे मिटून ऐकत होती. माझ्या घासाबरोबर तिचा घसा हलत होता.

सकाळपासून मी उपाशी होते. मिठाई मला फार आवडली. ही लाज कुणाला सांगू?

"अजून एक खा की," ती म्हणाली.

मी खाल्ली.