करवतीवरची जाळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मला सुरक्षा प्रतिनिधी केलं. केलं म्हणजे काय – बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी तेवढी शिंकत होते म्हणून सापडले! मुकादम लेदेस्मा म्हणाला, "अख्ख्या सॉ मिलमध्ये करवतीच्या वर आवाज जातो तो नेलिदाचाच. तीच बरी."

ओबेरा शहरातून आलेल्या बाईंनी दोन तास शिकवलं. कुणी धोका पत्करून काम करताना दिसलं तर ओरडायचं नाही. आधी विचारायचं, मग ऐकायचं. मी! नवऱ्याला सांगितलं तर हसता हसता खुर्चीवरून पडला.

५ नोव्हेंबर

कासिमिरोकाकांनी करवतीवरची जाळी काढून ठेवलीय. फळ्यांच्या कडा कापायची करवत ती. पातं उघडं आणि हात त्याच्यापासून जेमतेम वीतभर! अकरा वर्षांपूर्वी फळी कशी धरायची ते मला याच माणसाने शिकवलं.

मला राहवलं नाही. सकाळच्या सुट्टीत येर्बाच्या कडू चहाचा भोपळा हातोहात फिरत होता, तिथेच तोंड सोडलं. "काय काका, बोटं जास्त झालीत का? चार इथेच ठेवून घरी जायचंय?" सगळे खिदळले. काकांनी नळीने होता तेवढा चहा ओढला, भोपळा परत केला आणि म्हणाले, "आभारी आहे."

आमच्यात भोपळा परत देताना आभार मानले म्हणजे ‘मला आता पुन्हा देऊ नका’. सहा-सात वेळा घेतल्याशिवाय न उठणारा माणूस पहिल्यालाच उठला. कुणीच हसेना मग.

माझ्याबरोबर फळ्या रचणारी रामोना कानाशी म्हणाली, "शाब्बास! किती छान विचारलंस. आणि ऐकलंस तर काय, विचारूच नकोस."

६ नोव्हेंबर

काकांनी आज माझ्याकडे पाठ फिरवली. घरून चिपा नेला होता, चीजचा पाव, गरम. तोही नको म्हणाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज काकांच्या आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, चारचौघांत बोलले, चुकलं माझं. "तुझं तोंड मला नवं आहे होय?" म्हणाले. पण थांबले.

मग विचारलं, "जाळी लावली की काय अडतं काका?" आणि गप्प राहिले. किती अवघड असतं ते! दोनदा जीभ चावली.

शेवटी म्हणाले, "जाळी असली की पातं दिसत नाही, पोरी. उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालंय. वर्ष होईल आता."

आणि मी समजत होते, म्हातारा हट्टी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कळलं तर घरी बसवतील ही भीती. "कागदावर लिहिणार का?" विचारलं त्यांनी. माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. लिहिलं तर काम जाणार, नाही लिहिलं तर हात. घरी मांडिओकाचे कंद सोलताना रडू आलं.

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा बोललो, लाकडाच्या ढिगामागे, दोघंच. म्हटलं, फळ्यांची प्रत ठरवायच्या टेबलावर जा ना. काकांनी नुसता अंगठा फिरवला तरी गाठ कुठे, चीर कुठे, सगळं कळतं. तिथे डोळा कशाला लागतो?

"नको. मी आहे तिथे बरा."

"का पण?"

"म्हटलं ना, बरा."

वैताग आला. पण आवाज चढला नाही, माझा मलाच विश्वास बसेना. म्हटलं, "काका, मला तुम्ही अख्खे हवे आहात. तुमच्या हाताला काही झालं तर मला पुन्हा या फाटकातून आत येणं जमणार नाही." हे इतकं सरळ मी माझ्या वडलांशीही कधी बोलले नव्हते.

ते किती तरी वेळ कपड्यांवरचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, "चल लेदेस्माकडे. पण बोलणार मी."

मला बाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं. अर्धा तास!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! सोमवारपासून काका टेबलावर. डोळ्याच्या डॉक्टरची तारीखही मिळाली. रामोनाने सगळ्यांसमोर माझा गालगुच्चा घेतला. मी खूश. स्वतःवर जरा जास्तच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच लेदेस्मा म्हणाला, "कडा कापायची करवत आजपासून तुझी. काकांच्या नंतर नंबर तुझाच. काका वर्षभर मागे लागले होते माझ्या – फळी अडवून धरणारे दाते झिजलेत, करवत फळी उलटी अंगावर फेकते, दुरुस्त होईपर्यंत नेलिदाला तिथे उभी करू नका, तोवर मी उभा राहतो. बुधवारी दार लावून अर्धा तास तेच सांगत होते."

"दुरुस्त का नाही झाली?" मी हळूच विचारलं. त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग करवतीची वीज बंद केली आणि बटणाला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे आहे.

पलीकडे काका फळ्यांवरून अंगठा फिरवत होते. त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.