कॉम्प्युटर वाढवून ठेव

प्रिय सूनबाई,

दुसऱ्या घरातून दुसरी बोली घेऊन सासरी आलेल्या आपल्यासारख्या सगळ्याजणींची एक जुनी तक्रार आहे. आपण तोंड उघडलं की लोक आधी हसतात, मग ऐकतात. पुष्कळदा ऐकतही नाहीत, नुसतेच हसतात. वर म्हणतात, अगं गमतीत गं! गंमत हसणाऱ्याची होते. जिला हसतात तिच्या घशात पुढचं वाक्य अडकतं आणि तिथेच वाळून जातं. तुझं तसंच झालं आहे. गेल्या खेपेला, त्या दुपारी पानावर सगळे तुझ्या बोलण्याला हसले, तेव्हापासून फोनवर तुझं फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ ऐकू येतं, आणि लगेच फोन तुझ्या नवऱ्याच्या हातात जातो. लग्नानंतर आमची भाषा शिकायला घेतलीस तेव्हा किती बडबडायचीस! ढग ‘तो’, मग वीज ‘ती’ का, असं विचारून तू मला निरुत्तर केलं होतंस, आणि मला निरुत्तर करणारी माणसं फार नाहीत. ती मुलगी मला परत हवी आहे. म्हणून हे पत्र. पत्र निदान नवऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही.

आधी इकडची बातमी. तुम्ही दोघं पहाटेच्या गाडीने गेलात आणि त्याच दिवशी माझा कॉम्प्युटर आजारी पडला. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, आतला पंखा घुंघुं करायचा, पण पडदा काळाठिक्कर. आणि पोटातून आवाज, पिप् पिप् पिप्, जरा थांबून पुन्हा पिप् पिप् पिप्. तुझे सासरे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, तुझी सगळी भाषणं त्याच्या पोटात आहेत ना, अपचन झालं असेल. मी दुर्लक्ष केलं. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. पडदा शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिला, ठणठणीत निघाला. मग प्रिंटर काढला, माउस काढला, कीबोर्ड काढला. सभेत गोंधळ कोण घालतंय ते बघायला एकेकाला बाहेर काढावं, तसं. सभा रिकामी झाली, पिप् पिप् चालूच.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो जागचा न हलता म्हणाला, मॅडम, जुना झालाय, बोर्ड गेला असणार, नवीन घेऊन टाका. न बघता निदान! माझा असा भडका उडाला म्हणून सांगू! जन्मभर मी कामगारांच्या सभांत याच वृत्तीशी भांडत आले. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही त्याला निकामी ठरवायचं, मग ते यंत्र असो की माणूस. मी त्याला फोनवरच छोटंसं व्याख्यान दिलं. तुझे सासरे म्हणतात छोटं नव्हतं, मध्ये त्यांचा चहा पिऊन झाला.

पण त्यांनीच नंतर कपाटाच्या तळातून कॉम्प्युटरची माहितीपुस्तिका शोधून आणली. मी चष्मा लावून बसले. काय निघालं माहीत आहे? ते पिप् पिप् म्हणजे यंत्राची बोली. पडद्यावर काही दाखवता येत नाही तेव्हा ते तसं बोलतं. तीनदा वाजलं तर अर्थ असा की मेमरी तपासा. बिचारं पहिल्या दिवसापासून नेमकं काय दुखतंय ते सांगत होतं आणि आम्ही त्याला कटकट म्हणत होतो.

प्लग काढला, झाकण उघडलं. आत धुळीचं राज्य. मेमरीची पट्टी एक असायला हवी होती, तर दोन! एक जुनी, धुळीने माखलेली. दुसरी कोरी करकरीत, पण तिरपी. एका टोकाची खिट्टी लागलेली, दुसरी उघडीच. मी तुझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, माझ्याकडे काय बघतेस, मी आजवर बल्बसुद्धा नीट बदललेला नाही. मग काय, जुनीला पिल्लू झालं? असं म्हणता म्हणता मला माझंच वाक्य आठवलं.

तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे पानावर सगळे हसले त्याच दिवशी, सभेला निघताना मी दारातून तुला म्हटलं होतं, सूनबाई, उशीर झाला गं, तेवढा कॉम्प्युटर वाढवून ठेव.

माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ‘बंद’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. बंद पडतं ते घड्याळ, म्हणायचे. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. दुकान वाढवणं सगळेच म्हणतात, पण आमच्या घरी रेडिओ वाढवायचे, दिवा वाढवायचे, भांडणसुद्धा वाढवायचे, म्हणजे मिटवायचे! नवी नवरी होते तेव्हा ऐन थंडीत मी माझ्या सासऱ्यांना म्हटलं, पंखा वाढवता का? त्यांनी उठून पार पाचावर नेला. मी कुडकुडतेय आणि घर हसतंय. पुढे कित्येक दिवस मला त्या घरात ‘पंखा’ म्हणत. लोक विचारतात, इतकं बोलायला कुठे शिकलात? तिथे शिकले.

आणि तू? तू भाषा पुस्तकातून शिकलेली. वाढ म्हणजे पानात घाल, वाढव म्हणजे जास्त कर. सासूने जाता जाता काम सांगितलं, कॉम्प्युटर वाढवून ठेव. तू बाजारात गेलीस आणि मेमरी वाढवून ठेवलीस. ज्या घरात दुपारी सगळे तुला हसले, त्याच घरासाठी संध्याकाळी तू दुकान शोधत फिरलीस, पट्टी आणलीस, कुणालाही न सांगता झाकण उघडून बसवलीस. तुझे सासरे हसायला लागले होते, माझा चेहरा पाहिल्यावर त्यांनीच खोडरबर आणून दिलं. मी नवी पट्टी अलगद काढली, जुनीची पितळी कड खोडरबराने घासून पुसली, दोन्ही खिट्ट्या लागेपर्यंत दाबली. पडदा उजळला. भाषणं जागच्या जागी आहेत.

नवी पट्टी कागदी पाकिटात ठेवली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो मी बसवून देतो, तुझा नवरा म्हणतो व्हिडिओ पाठवतो. दोघांनाही नको म्हणाले.

तुझ्या नवऱ्याला मात्र काल एक विचारून घेतलं. त्या दुपारी मी आतल्या खोलीत फोनवर अडकले होते, मला नुसतं हसू ऐकू आलं होतं. सगळे हसले ते नेमकं कशाला? तो आढेवेढे घेत होता, पण शेवटी बोलला. माझ्या लेकीने तुला विचारलं, आमची आई कशी वाटते? तुला म्हणायचं होतं, मला त्या फार आवडतात. तू म्हणालीस, मी आईंना फार आवडते. त्यावर तुझी नणंद म्हणाली, अगंबाई, आईच्या वतीने निकाल हिनेच देऊन टाकला! तिची मी यथास्थित हजेरी घेतली आहे. पण सूनबाई, भरल्या सभेत उभं राहून सांगावं तसं तुला सांगते, तुझं वाक्य चुकलेलं नव्हतं. मी ते उलटसुलट करून तपासलं. त्यात काना-मात्रेची चूक नाही. तू मला फार आवडतेस. मी कधी बोलले नव्हते, ते तू बोललीस, एवढंच. तेव्हा आता एक कर. रविवारी सकाळी फोन लाव, तू स्वतः लाव, नवऱ्याला त्या वेळी भाजी आणायला पाठव. मी झाकण उघडून, पट्टी हातात घेऊन बसलेली असेन. ती कुठे धरायची, कशी बसवायची, किती दाबायची, ते तू मला तुझ्या मराठीत सांग.

तुझीच,
आई