ही तारीख राखा

ता. ४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. चष्म्याची दांडी मोडली होती म्हणून उत्तर राहिलं. आता ती दोऱ्यानं बांधली आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मी भलतंच ऐकतो असं लेक म्हणते, तेव्हा आपलं पत्रच बरं.

काल भिंगरीचं लग्न ठरल्याचं कार्ड आलं. जाड कागद, गोल कोपरे, वर मोठा फोटो. तुला बहुतेक माझ्या आधीच आलं असेल, कारण त्या फोटोत तूच आहेस.

फोटो मी भिंग लावून पाहिला. तुझ्या गावचा लाँचचा धक्का आहे. पुढे आपली भिंगरी आणि तिचा दातांचा डॉक्टर. डॉक्टर सगळे दात दाखवून हसतो आहे, म्हणजे धंद्याची जाहिरातही झाली. लांब मागे, धक्क्याच्या लोखंडी फाटकाशी, एक म्हातारा पाठ करून उभा आहे. छत्री काखेत, तोंड समुद्राकडे, जणू काही सहज फिरायला आला होता. चेहरा दिसत नाही, पण कानांवरून ओळखलं. असे कान आपल्या घरात दोघांनाच आहेत, आणि मी तर इथे खुर्चीत बसलो होतो.

त्याचंही काही नाही. पण भिंगरी बघते आहे कोणाकडे? डॉक्टरकडे नाही, फोटोवाल्याकडे नाही. मान पूर्ण मागे वळवून तुझ्याकडे.

बारक्या, त्या पोरीला शाळेतून आणण्याचं काम मी केलं. लेक इस्पितळात नर्स, जावई फिरतीवर. पहिली पाळी सुटली की कारखान्याच्या गेटवरून मी तसाच खाकी सदऱ्यात शाळेच्या दाराशी जायचो. चौथीत गेल्यावर तिनं मला सांगितलं की आता येत जाऊ नका, मुली हसतात. त्या दिवसानंतर शाळेच्या दारात मी पाऊल ठेवलं नाही. आणि तू काय केलंस? सुट्टीत चार दिवस ती तुझ्याकडे यायची तेव्हा तिला लाँचची घंटा वाजवू दिलीस. एका घंटेवर तू फोटोत गेलास.

लग्न म्हणे वाळूवर होणार. वाळूत खुर्च्यांचे पाय रुततात. वारा सुटला तर मांडवाचं काय? हे कोणी विचारलं आहे का? मी विचारणार नाही. कार्डाखाली माझं काम छापून आलं आहे, तेवढं मी करीन. त्याबद्दल तूही काही विचारू नकोस.

दुसरं म्हणजे माझा खाकी सदरा, खालचं बटण नसलेला, दोन महिने सापडत नाही. दोरीवरून कोणी नेला असेल तर असा फाटका का नेला, याचा विचार करून झोप येत नाही.

सौ.ला आशीर्वाद. लोभ फोटोच्या आधी होता तेवढा तरी ठेव.

तुझा,
दादा


ता. ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ड मिळालं. तू छान दिसतेस. डॉक्टरही ठीक आहेत.

२२ फेब्रुवारी, ही तारीख राखा, असं तू कळवलं आहेस. मी तीन वेळा वाचलं. राखीन. अठ्ठावीस वर्षं गेट राखलं, त्यापुढे एक तारीख ती काय. तुझ्या आईला सांग की तुमच्या घराची किल्ली आणि काचेच्या पेटीतल्या माशांच्या खाण्याचा डबा आदल्या दिवशी माझ्याकडे द्यावा. मागच्या दाराची कडी सैल आहे, ती आधी ठोकून घ्यावी. बाकी कोणी काळजी करू नये.

समुद्राजवळ जाताना चपला घट्ट घाल. आशीर्वाद आहेतच, ते इथून पोचतात.

तुझे,
आजोबा


ता. ११ नोव्हेंबर

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि मी ते डॉक्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'गेट राखलं, त्यापुढे एक तारीख ती काय' इथे आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या काकू बघायला आल्या. डॉक्टर म्हणाले की तुझ्या आजोबांसारखी चेष्टा आमच्याकडे कोणाला जमत नाही. तुम्ही तारीख राखणार म्हटल्यावर मी निर्धास्त. किल्ली आणि माशांचं आईला सांगितलं आहे. मासे कोणाच्या लक्षातच नव्हते, तुम्हालाच बरे आठवले.

आता मला एक सांगा. फोटो नीट पाहिलात ना? मागे कोणी ओळखीचं दिसलं का? मी काही बोलणार नाही, तुम्ही लिहायची वाट बघते आहे. त्या एका फोटोसाठी फोटोवाल्यानं आम्हाला अडीच तास उभं केलं. त्याच्या मनात सूर्यास्त होता, माझ्या मनात दुसरंच होतं. शेवटी माझं ऐकलं.

ऑफिसात कामाचा ढीग आहे म्हणून एवढंच. गुडघ्याला तेल लावा. माया करता तेवढीच करत राहा, लग्न झालं म्हणून कमी करायची नाही.

तुमची,
भिंगरी


ता. १४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितो आहे, कारण लिहिलं नाही तर कोणाशी तरी भांडेन.

मी भिंगरीला कळवलं की सोपवलेलं काम करीन. तिनं ते पत्र डॉक्टरला वाचून दाखवलं आणि दोघं हसली. वर मला विचारते की फोटोत मागे कोणी ओळखीचं दिसलं का. दिसलं ना. तू दिसलास. आता मी तेही लेखी द्यायचं का, की धाकटे आजोबा फार शोभून दिसतात?

काल लेक मापाची टेप घेऊन आली. म्हणाली, बाबा, सदरा शिवायला टाकू या. मी म्हटलं, घर राखायला नवा सदरा कशाला. ती म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच, आणि छातीचं माप घेऊन, चहा अर्धा टाकून ड्यूटीवर पळाली. पहारेकऱ्यालाही नवे कपडे करतात, एवढा मोठेपणा आहे आमच्या घरात.

आता स्पष्टच लिहितो. कार्डावर छापलं आहे, २२ फेब्रुवारी, ही तारीख राखा, आणि त्याखाली बारीक अक्षरात, पत्रिका मागाहून. म्हणजे पत्रिका ज्याला यायची त्याला येईल. मला पहारा आहे. भाचीच्या लग्नात तिच्या घरी मीच मागे राहिलो. तुझ्या मुलाच्या लग्नात तुम्ही सगळे मोटारीत बसलात आणि मी तुझ्या पायरीवर बसलो. तेव्हा तूच म्हणालास, दादा असताना कुलूप कशाला. सगळे हसले, मीही हसलो. दोन्ही वेळा मला जेवणाचा डबा आला, तक्रार नाही. पण ही भिंगरी आहे. हिच्या लग्नाला मी जाणार असं मी धरूनच चाललो होतो. कोणी बोलावलं नव्हतं, ही माझीच चूक.

तू पुढच्या रांगेत बसशील. तिकीटमास्तर होतास, चांगली जागा कोणती ते तुला बरोबर कळतं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तुझी अकरावीपर्यंत, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या पोरीनं मान वळवून तुझ्याकडे पाहावं याचं वाटतं. कार्ड मी घड्याळाशेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे, तू उभा आहेस तसंच.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही. सौ.ला मात्र आशीर्वाद.

दादा


ता. २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं सौ.नं आणि मी एकापाठोपाठ वाचली. ती आधी हसली, मग डोळे पुसत बसली, मग मला म्हणाली की आत्ताच्या आत्ता लिहायला बसा. म्हणून पंचा गुंडाळून, ओल्या डोक्यानं लिहितो आहे.

अरे दादा, तारीख राखा म्हणजे पहारा दे असं नाही. मी लाँचवर लोकांच्या जागा राखून ठेवायचो, तेव्हा काय दंडुका घेऊन उभा राहायचो का? त्या दिवशी दुसरं कुठलं काम काढू नका, लग्नाला यायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पत्रिका अजून छापायची आहे, ती मागाहून सगळ्यांना येईल. माझ्या कार्डावर तुझ्या कार्डावरचंच अक्षरन् अक्षर आहे. तुझ्या समजुतीनं चाललं तर पाहुणे सगळे पहाऱ्यावर, आणि मांडवात एकटा डॉक्टर. हे मी भिंगरीला सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

पायरीचं लिहिलंस ते मात्र खरं आहे. मी म्हणालो होतो. पुढे कधी तुझ्यापाशी तो विषय काढला नाही, कारण मला ते आठवत होतं.

आता फोटोचं. हे मी सांगणार नव्हतो, कारण यात माझीच शोभा आहे. भिंगरी इथे आली, तेव्हा धक्क्यावर उभे राहाल का असं तिनं मला विचारलं. मी खूश. दाढी केली, नवा निळा सदरा घातला, सौ.नं भांग पाडून दिला. तिथे गेल्यावर तिनं पिशवीतून तुझा खाकी सदरा काढला. तो दोरीवरून कोणी नेला याचा विचार आता सोड, तुझ्या नातीनं नेला आणि तो माझ्या खुंटीवर आहे. लहानपणी तुझे जुने सदरे घातले ते घातले, सत्तरीतही सुटका नाही.

मग तिनं मला लांब फाटकाशी नेलं आणि म्हणाली, पाठ करा. छत्री काखेत धरा. डावा खांदा खाली. मान जरा उजवीकडे, म्हणजे आपण कोणाची वाट बघत नाही असं वाटलं पाहिजे. चेहरा मुळीच दिसता कामा नये. फोटोवाला म्हणाला की आजोबांना पुढे घेऊ, चांगले दिसतात. ती म्हणाली, हे ते आजोबा नाहीत. दादा, मी तिथेच उभा होतो.

मी विचारलं हा काय प्रकार आहे. तर तिनं सांगितलं की चौथीत तिनं तुला येऊ नका म्हटलं आणि तू येणं बंद केलंस, पण वह्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर रोज एक खाकी सदरा पाठ करून उभा असायचा. ती रस्ता ओलांडून गेली की तो वीस पावलं सोडून मागून यायचा. दोन वर्षं. मैत्रिणींसमोर तिला वळून बघायची लाज वाटायची. म्हणून आता वळते, म्हणाली, आणि कार्डावर वळते, म्हणजे सगळ्यांना दिसेल. तुला ते बघताक्षणी कळेल असं ती धरून बसली आहे, आणि तू माझे कान बघत बसलास.

मी घरी येऊन सौ.ला म्हटलं की मला घंटेचं काही श्रेय नाही. ती म्हणाली, घंटा सगळ्यांनाच वाजवता येते. दादा, तुझा हेवा मला आयुष्यात फारसा वाटला नव्हता. त्या अडीच तासांत वाटला.

दोन दिवस आधी ये. रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझा,
बारक्या


ता. २६ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचताना चष्म्याचा दोरा सुटला, तो पुन्हा बांधला.

तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी दुकानाच्या काचेत बघायचो. काचेत रस्ता दिसतो, त्यामुळे मान वळवावी लागत नाही. गेटवर शिकलो होतो. आपण चांगली युक्ती काढली असं दोन वर्षं समजत होतो. दुकानदार एकदा म्हणाला की काका, रोज येता, एखादी पेन्सिल तरी घ्या. घेतल्या दोन-चार. अजून असतील कुठेतरी.

भिंगरीला आज वेगळं पत्र टाकलं. ओळखलं, एवढंच लिहिलं. राखण्याची गोष्ट तिला सांगू नकोस. तिला तो विनोद वाटला आहे तर विनोदच राहू दे. डॉक्टरच्या घरी माझं नाव झालं आहे.

पायरीचंही मनात ठेवू नकोस. डबा चांगला होता.

मी १९ फेब्रुवारीला निघतो. मासे शेजारी ठेवायचे ठरले आहेत, पण ते जास्त खायला घालतात, मी बजावून येईन. मागच्या दाराची कडी लेकीनं ठोकून घेतली. या वेळी घर कुलूप राखील. राखील ना? दोन कुलपं लावायला सांगितली आहेत.

बावीस तारखेला भरती किती वाजता ते नक्की विचारून कळव. खुर्च्यांखाली फळ्या घालायला सांग. आणि त्या फोटोवाल्याला माझ्या नावानं निरोप दे की आजोबांना समोरून घ्यायचं, भिंगरीच्या शेजारी. माझी पाठ त्याच्याकडे आधीच आहे.

तू डॉक्टरच्या बाजूला उभा राहा. तिथेही जागा चांगलीच आहे.

सौ.ला आशीर्वाद. मागच्या पत्रात लोभ लिहायचा राहिला होता, तो यात धरून दोन्ही वेळचा समज.

तुझा,
दादा

ता. क. सदरा धुऊन ठेव. लग्नात मी तो घालणार नाही, लेकीनं नवा शिवायला टाकला आहे. पण तूही घालू नकोस.