चौथ्या बशीतली झडप

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (प्रयोगशाळेत दोन टेबलांच्या मध्ये आडवं पडण्याइतकी जागा नाही, म्हणून तो स्टुलावर बसूनच केला आहे, गोड मानून घ्या.) तब्येत कशी आहे हे मुद्दामच विचारत नाही. तुम्ही 'ठणठणीत' म्हणणार, आणि मामी फोन हिसकावून सांगणार की हा ठणठणीत माणूस काल दुसऱ्या मजल्यावर किल्ली शोधायचं नाटक करत पाच मिनिटं उभा होता, आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाने स्वतःच्या बिनलिफ्टच्या इमारतीत धापा टाकाव्यात, याला काय म्हणावं? इकडे आम्ही सगळे मजेत. माझी मान धरली आहे, एवढंच.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की "माझी भाची डुकराच्या हृदयातल्या झडपा मजबूत करते, तिची तयार झाली की तीच बसवू, घाई काय आहे?" असं सांगून तुम्ही सर्जनला ऑपरेशनची तारीख परत केलीत, हे मामीकडून कळलं. ऐकून ऊर भरून आला आणि पाठोपाठ कागद पुढे ओढला. तेव्हा तुमची भाची इथे नेमके काय दिवे लावते, ते एकदा सविस्तर ऐका.

काम सांगायला सोपं आहे. खाटकाकडून डुकरांची हृदयं येतात. त्यातली झडप कापून काढायची आणि साबणाच्या पाण्यात घुसळून घुसळून तिच्यातल्या डुकराच्या पेशी पार धुऊन टाकायच्या. उरते ती नुसती जाळी. पुढेमागे त्या जाळीत माणसाच्या स्वतःच्या पेशींनी बिऱ्हाड थाटावं आणि झडप त्याचीच होऊन जावी, असा आमचा बेत. अडचण एवढीच, की धुतल्यावर ती जाळी जुन्या बनियनसारखी लुळी पडते, आणि हृदयात तर तिला दिवसाला लाखभर वेळा उघडझाप करायची असते. म्हणून बळकटी यायला आम्ही तिला फळांच्या बियांपासून काढलेल्या एका तुरट द्रावणात भिजवतो. (चव घेऊन पाहिलीस का, असं विचारू नका. घेतली. दोन दिवस जीभ माझी नव्हती.) पहिल्या खेपेला मी द्रावण इतकं कडक केलं, की झडपेचा पुठ्ठा झाला. टेबलावर आपटली की टक्क वाजायची. आमच्या मुख्य बाईंनी, ज्यांना आम्ही पाठीमागे 'मोठ्या बाई' म्हणतो, ती हातात घेऊन शांतपणे विचारलं, की ही हृदयाला बसवायची आहे की दाराला. दुसऱ्या खेपेला मी घाबरून द्रावण इतकं पातळ केलं, की ताकद मोजायला झडपेची कापलेली पट्टी चिमट्याने उचलतानाच तुटली.

तिसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं आणि चार बशांमध्ये चार ताकदीची द्रावणं घेतली. आता पट्ट्या ओढून तोडायचं जे यंत्र आहे, ते ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे 'ताणमास्तर' म्हणतात. त्यांची शिस्त अशी, की खऱ्या पट्ट्या लावण्याआधी यंत्राचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे पाहायला कातड्याची एक पट्टी ओढायची. कातडं त्यांच्या बायकोच्या टाकाऊ पर्सचं. आमच्या पट्ट्या ओल्याच ओढतात, म्हणून तेही आदल्या दिवसापासून एका बशीत भिजत घातलेलं असतं. तुरट द्रावणाने झडप तपकिरी होते, आणि पर्स मुळातच तपकिरी. बशा उचलताना माझी गफलत झाली. चौथी बशी म्हणून मी जी पुढे केली, तिच्यातली पट्टी यंत्राला तुटता तुटेना. आकडा आला तो साध्या धुतलेल्या झडपेच्या आठपट! ताणमास्तरांनी चष्मा काढून पुसला. ज्यांनी आजवर 'बरं' याच्यापुढे कोणाला शाबासकी दिली नाही, त्या मोठ्या बाईंनी मला मिठी मारली. आणि मी तिथूनच, हातमोजेसुद्धा न काढता, तुम्हाला फोन लावला. तुम्ही फोनवर रडलात. मग मीही रडले.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी त्या पट्टीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि मला बोलावून विचारलं, "झडपेला केस कधीपासून यायला लागले गं?" केसांची भोकं कशी शिस्तीत दिसत होती! मामा, तुम्ही जिच्या भरवशावर तारीख परत केलीत, ती पर्स होती. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं. कितीदा फोन हातात घेतला आणि तुमचा तो भरून आलेला आवाज आठवून खाली ठेवला. माझ्या भित्रेपणामुळे तुमचा महिना वाया गेला, याची मला मनापासून लाज वाटते.

बाकी ठीक. मामीला नमस्कार. पुष्कळ लिहिलं आहे, तेवढंच समजलात तरी पुरे.

तुमची (अजून असले तर) लाडकी भाची

ता. क. सर्जन जी झडप बसवणार आहेत तीही जनावराचीच आहे, पण माझ्यासारख्या नवशिकीच्या हातची नाही. कितीतरी माणसं ती घेऊन जिने चढताहेत. तीच घ्या. माझ्यासाठी थांबू नका. सांगायचं एवढंच होतं. बाकीचं पत्र धीर गोळा करायला लिहिलं.

ता. क. २. खरी चौथी बशी नंतर सापडली. तिच्यातली पट्टीही ओढून पाहिली. आठपट नाही, दुप्पट निघाली, आणि तिचा पुठ्ठाही झाला नव्हता. हे लिहिणार नव्हते, कारण तुम्ही लगेच पुन्हा थांबाल. पण तुमच्यापासून एकदा लपवून काय झालं ते पाहिलंच. अजून मेंढ्यांवर प्रयोग व्हायचे आहेत, मग परवानग्या, मग माणसं; दहा-पंधरा वर्षं कुठे गेली नाहीत. सर्जनची झडपही साधारण तेवढीच टिकते. ती दमली की माझी बसवू, शब्द देते. पण त्यासाठी तुम्ही असायला हवेत ना?

ता. क. ३. हे पत्र मामीला फोनवर वाचून दाखवलं. पर्सपाशी ती खूप हसली. सर्जनकडून तारीख तिने कालच पुन्हा घेतली आहे, येत्या गुरुवारी सकाळी आठची. तुमची बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. मी बुधवारी पोचते. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण आम्ही दोघींनी ठरवलं, की नको.