पटरीपटरीनं

बाबा, तुमची नात आज सकाळी सायकल घेऊन एकटीच निघाली. अलीगंजहून बख्शी का तालाब, तिथून कालव्याकाठच्या कच्च्या वाटेनं सीतापूर आणि पुढं दुधव्याच्या जंगलाच्या अलीकडे एक गुरुद्वारा आहे, तिथपर्यंत. वाटेत मुक्काम करायचे आणि परत येताना सायकल रेल्वेत टाकून आणायची. तुम्ही गेलात तेव्हा ती तिचाकी सायकलवरून घरभर फिरायची आणि तुमच्या आरामखुर्चीला धडका मारायची, त्यामुळं हे सगळं तुम्हाला चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतंय. बँकेतून रजा घेतलीय, पण घरात कुठलंच काम हातून होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

डांबरी रस्ता शक्य तितका टाळायचा, कच्च्या वाटा धरायच्या आणि लागेल तेवढं बिऱ्हाड सायकलवरच बांधून न्यायचं, असा हा प्रकार आहे. चाळिशीनंतर मला याचं वेड लागलं आणि लेकीला ते मीच लावलं, त्यामुळं आता तक्रार करायला तोंड नाही. माझे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून लांबच्या फेऱ्या बंद झाल्या. रस्ते आखून देणं आणि सामानावरून वाद घालणं एवढंच माझ्याकडे उरलंय. गेले काही दिवस आमचं जेवणाचं टेबल जेवायला मिळालेलं नाही. चकलीची भाजणी मोजायचा काटा तिनं स्वयंपाकघरातून पळवला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवून बघायला लागली. "मम्मा, ये टॉवेल बहुत भारी है," म्हणत माझ्या चांगल्या टॉवेलचे दोन तुकडे केले. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. आमची भांडणंसुद्धा अशी दोन भाषांत चालतात आणि कुणाचं काही अडत नाही. टायरवरून मात्र जुंपली. तिला बारीक, हलके टायर हवे होते. मी म्हटलं, कालव्याकाठी सराटे असतात. "सराटे क्या होता है?" तिनं विचारलं. तुमचा भुसावळचा शब्द, बाबा. माझ्या तोंडून तो किती वर्षांनी निघाला कोण जाणे. इथं त्या काट्याला गोखरू म्हणतात. शेवटी जाड टायर बसवले, आत भोक आपोआप बुजवणारा तो पातळ चीक भरला आणि हवा जरा कमीच ठेवली, म्हणजे ढेकळांवरून चाक उड्या मारत नाही. जड सामान सांगाड्याच्या मधल्या तिकोनी पिशवीत, हलकं सीटमागं, पाणी हवं त्यापेक्षा जास्त. तुम्ही असतात तर लांबून बघून नुसतं 'हं' म्हणाला असतात, आणि आम्ही झोपायला गेल्यावर हळूच येऊन प्रत्येक पट्टा ओढून बघितला असतात.

रस्ता मी आखला. मोबाइलवर दोन गावं सांगितली की तो रेघ काढून देतो, पण ती रेघ हायवेनं जाते, आणि या दिवसांत हायवेवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या अशा डुलत जातात की त्यांच्या शेजारून सायकल चालवायची म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आम्ही उपग्रहाच्या फोटोत कालवा शोधून काढला. त्याच्या बांधावरून कच्ची वाट जाते. चढउतार नाही, वाहनं नाहीत, पूल आला की बहुधा एखादी चहाची टपरी आणि हातपंप. फोटोत सगळं गुळगुळीत दिसतं. कुठं बांध खचलाय, कुठं उंच गवत माजलंय, कुठं शेतकऱ्यानं मोकाट सांडांपासून पीक वाचवायला काटेरी तार ओढलीय, ते फोटोत कळत नाही. त्यासाठी जाऊन माणसांना विचारावं लागतं. मागच्या रविवारी आम्ही दोघी बख्शी का तालाबच्या पुढं पहिला टप्पा बघायला गेलो. टपरीवर मी विचारलं, "भैया, उधर नहर की तरफ जाने का रास्ता ठीक है क्या?" जन्म इथं गेला तरी माझ्या हिंदीचा सूर मराठीच राहिलाय. चहावाला म्हणाला, "अरे मैडम, पुल से बाएँ उतरिए और पटरी पकड़ लीजिए, सीधे निकल जाइएगा." मी हातातला चहा तसाच धरून उभी राहिले. लेक "अच्छा भैया" म्हणाली आणि कालव्याच्या बांधाकडे वळलीसुद्धा. पटरी म्हणजे कुठली, असा प्रश्न तिला पडलाच नाही.

आणि मला, बाबा, तुमच्या त्या कुलपाची आठवण झाली. आठवीत असताना मी याच बख्शी का तालाबला पहिल्यांदा एकटी सायकलवर गेले होते. वर्गातली मैत्रीण तिथं राहायची, तिचे वडील हवाई दलात होते. आईचा विरोध होता, तुम्ही परवानगी दिलीत. तुमची परवानगी म्हणजे आदल्या दिवशी ब्रेक, साखळी, नटबोल्ट सगळं तपासून झालं, जसं काही माझ्याऐवजी मालगाडीच सुटणार होती, आणि मग "अंधाराच्या आत घरी" एवढेच शब्द. जाताना मजेत गेले. परतताना हायवेवर दोन ट्रक एकमेकांत अडकून गाड्या तुंबल्या होत्या. झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना मी दुसरा रस्ता विचारला. ते म्हणाले, "पटरी पकड़ लो बिटिया, आराम से शहर पहुँच जाओगी." आता मी कुणाची मुलगी? रेल्वेच्या छोट्या लाइनीची, म्हणजे मीटरगेजची, देखभाल करणाऱ्या इंजिनिअरची. आपल्या घरात लाइन, रूळ आणि पटरी ही तिन्ही नावं एकाच वस्तूची होती आणि तिच्यावरच आपलं घर चालत होतं. मी सरळ रेल्वेलाइन गाठली आणि रुळांशेजारच्या खडीतून सायकल ढकलत निघाले. खडीनं मागचा टायर फाटला. एक गाडी आली तेव्हा बाजूला उतरून मी ड्रायव्हरला हात केला. तो शिट्टीवर शिट्टी वाजवत गेला. मला वाटलं, साहेबांची मुलगी म्हणून ओळखलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तुम्ही दारातच होतात. टायर बघून विचारलंत, कुठून आलीस. मी ऐटीत सांगितलं, "पटरीपटरीनं." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "रुळांवरून मी काय काय उचललंय ते घरी कधी सांगितलं नाही, म्हणून तुला ती पायवाट वाटली काय?" एवढं म्हणालात आणि सायकलला साखळी घालून कुलूप लावलंत. मी रडत सांगत होते की मला तसंच सांगितलं होतं, त्या आजोबांनीच सांगितलं. तुम्हाला ती थाप वाटली. शहाणं माणूस कुणाच्या पोरीला रुळावरून जा म्हणेल, हे तुम्हाला पटेना. माराचं मला काही वाटलं नसतं, पण खोटारडी ठरले याचा इतका राग आला की मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तो राग आठवला की अजून थोडा येतो, खोटं कशाला सांगू.

हे कोडं सोडवलं आईनं, तेही निशातगंजच्या भाजीमुळं. ती बाजारातून आली, तुम्ही ओट्याशी चहाची वाट बघत उभे होतात. पिशवीतली भेंडी उचलून म्हणालात, "कोवळी आहे. कुठून आणलीस?" आई म्हणाली, "कुठून म्हणजे? पटरीवरून." आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबली. मग कमरेवर हात ठेवून तुमच्याकडे वळली. "अहो, मी रोज पटरीवरच्या बायकांकडून भाजी घेते. त्या काय रुळावर बसतात का?" तुमचं हिंदी रेल्वेतलं, आईचं बाजारातलं. तुमच्या हिंदीत पटरीवरून फक्त गाडी जायची. तिच्या हिंदीत रस्त्याच्या कडेला पटरी होती आणि तिच्यावर भेंडी, पालक, कोथिंबीर सगळं मांडलेलं होतं. तुम्ही ती भेंडी परत पिशवीत ठेवलीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलात ते बूटही न काढता माझ्या खोलीत. "कालव्याच्या बांधालासुद्धा पटरीच म्हणतात इथं," म्हणालात. "त्या माणसानं बरोबर सांगितलं. तूही बरोबर सांगत होतीस." माफी हा शब्द तुमच्या खात्यात नव्हता, पण एवढंही तुम्ही दुसऱ्या कुणाला म्हटल्याचं मी ऐकलं नाही. कुलूप काढलंत, नवा टायर बसवलात आणि माझ्या हातात एक लाल झेंडी दिलीत, रेल्वेतून बाद झालेली, कडेला उसवलेली. "वाटेत अडलीस तर ही हातात धरून उभी राहा, कुणीतरी थांबेल." पुढच्या रविवारी पँटला क्लिपा लावून तुम्ही माझ्याबरोबर कालव्यावर आलात आणि सायकलवरून उतरून बांधाकडे बोट दाखवलंत. "ही घे तुझी पटरी."

त्या झेंडीनं पुढं मी सायकलची साखळी पुसत आले. आता ती लाल कमी आणि काळी जास्त आहे. रविवारी परतल्यावर लेकीला ही सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ती हसून लोळली, मग झेंडी शोधून आणून काट्यावर ठेवली. काटा धड हललाही नाही. "ये तो मैं ले जा रही हूँ," म्हणाली आणि टॉवेलच्या अर्ध्या तुकड्याशेजारी घडी करून ठेवली.

तोपर्यंत सगळं ठीक होतं, कारण बरोबर तिची एक मैत्रीण जाणार होती. परवा त्या मैत्रिणीला ताप भरला. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जा. "तब धूप तेज़ हो जाएगी, मम्मा." मी म्हटलं, मग माझ्याबरोबर चल, हळूहळू जाऊ. तिनं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "आजोबा ने आपको जाने दिया था ना? आठवीं में! मैं तो कॉलेज में हूँ." तिचे बाबा कानपूरला साइटवर असतात, त्यांनी फोनवर "तू ठरव" म्हणून हात झटकले. मग मी आईला फोन लावला. ती आता पुण्याला दादाकडे असते. विचारलं, त्या दिवशी मला उशीर झाला तेव्हा बाबा इतके शांत कसे राहिले ग?

"शांत?" आई म्हणाली. "दुपारपासून बूट घालून दारात बसले होते. घरात पाऊल ठेवतील तर शपथ. मी म्हटलं, जाऊन बघा तरी. तर म्हणे, मी हायवेनं जाईन, ती दुसऱ्याच वाटेनं येईल, चुकामूक व्हायची. बरं, मग बूट तरी काढा म्हटलं, तर तेही नाही. तू आलीस, तुला बोलले, आणि मग न्हाणीघरात जाऊन किती वेळ तोंड धूत होते. मला काय कळत नव्हतं?"

बाबा, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या संध्याकाळचं कुलूप तेवढं लक्षात ठेवलं. तुमचे पाय मी बघितलेच नव्हते. फोन ठेवल्यावर मला तुमची अशी आठवण आली की ओट्याला टेकून रडून घेतलं, आणि थोडी चिडलेही. तुम्ही एकदा तरी सांगायला हवं होतंत. भीती वाटत असताना जाऊ कसं द्यायचं, हे मला तुम्हाला विचारता आलं असतं. मग बाहेर आले आणि तुमच्यासारखी ब्रेक, साखळी, नटबोल्ट तपासायला बसले. लेक बघत होती. "मतलब हाँ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अंधाराच्या आत मुक्कामी.

आज निघताना तिनं माझ्या मोबाइलवर एक ठिपका लावून दिला. ती जाईल तसा तो सरकतो. "पर चिपक के मत बैठना, मम्मा." तुमच्याकडे असा ठिपका नव्हता; असता तरी तुम्हाला त्याचा फार उपयोग झाला नसता, हे आता कळतंय. बख्शी का तालाबपर्यंत तो भराभर गेला, मग पुलावरून डावीकडे उतरून कालव्याला लागला. नंतर बराच वेळ एका जागी थांबला. मी उपग्रहाचा फोटो मोठा करकरून बघत होते, तिथं शेताशिवाय काही दिसेना. काटेरी तार, सांड, खचलेला बांध, जे जे मी तिला सांगितलं होतं ते सगळं माझ्याच डोळ्यांपुढं येऊन गेलं. मग तिचा फोटो आला. मागं मोहरीची पिवळी शेतं आणि हँडलला बांधलेली तुमची झेंडी. खाली लिहिलंय, "पटरी एकदम मस्त है. आप क्या कर रही हो?" मी कळवलं की जेवण झालं, पाय वर करून निवांत पडलेय. तिनं एक हसरा चेहरा पाठवला आणि ठिपका पुन्हा सरकायला लागला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला खरं सांगते. मी पडलेबिडले नाही. दाराजवळ खुर्ची ओढून बसलेय, बाबा, आणि सकाळपासून पायात बूट आहेत.